फ्रीमॉन्टहून नाशिकला कुलमुखत्यारपत्र: कोणाला पैसे द्यावेत, कोणाला देऊ नयेत

निकाल आधी सांगते, तपशील नंतर. नाशिकच्या वकीलबाईंना पाचपैकी पाच. घरी येणाऱ्या नोटरीला चार. सॅक्रामेंटोच्या सरकारी खिडकीला पाच. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) करून देणाऱ्या एजंटांना भोपळा. मुद्रांक कार्यालयाला किती द्यायचे ते अजून माझं ठरलेलं नाही.

प्रकरण साधं होतं. वडिलांच्या पश्चात गंगापूर रोडवरच्या फ्लॅटला आईचं, माझं आणि धाकट्या बहिणीचं अशी तीन नावं लागली. आई आता धाकटीकडेच राहते, फ्लॅट बंद, घरपट्टी आणि मेंटेनन्स मात्र चालू. विकायचं ठरलं. मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये राहणारी अमेरिकन नागरिक, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, पॅन आहे, फक्त रजा नाही. मी शाळांच्या पगारपत्रकांचं काम करते आणि शाळेचं वर्ष संपताना आमच्याकडे कोणी रजा मागायचं धाडस करत नाही. म्हणजे धाकटीच्या नावाने कुलमुखत्यारपत्र, माझ्या वतीने सह्या करायचा अधिकार देणारा कागद, करणं आलं.

पहिल्यांदा पाहिली ती इथलीच एक ऑनलाइन सेवा. घरबसल्या वीस मिनिटांत मुखत्यारपत्र, असा दावा. पैसे भरण्याआधी नमुना मागवला. आला तो कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला छापील फॉर्म: मालमत्ता, बँक, शेअर, विमा अशी अधिकारांची यादी आणि प्रत्येकापुढे आद्याक्षरं टाकायची रेघ. इथल्या इथे वापरायला उत्तम कागद आहे. पण त्यात फ्लॅटचा नंबर लिहायला जागा नाही, सर्व्हे नंबर नाही, खरेदीखत नोंदवून घेणाऱ्या दुय्यम निबंधकाचा उल्लेख असण्याचा तर प्रश्नच नाही. मला खटकलं ते वेगळंच. हा कागद कोणत्या देशात, कोणापुढे ठेवायचा आहे, हे त्यांच्या प्रश्नावलीत कुठेच विचारलेलं नव्हतं. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की आमचे कागद जगभर चालतात. मी खिडकी बंद केली.

त्याच सुमारास नाशिकच्या एका इस्टेट एजंटाचा फोन. "ताई, बहिणीला कशाला हेलपाटे? माझ्याच नावाने पॉवर करा, दोन महिन्यांत मोकळं करून देतो." आवाज असा गोड की घरचाच वाटावा.

वकीलबाई मिळाल्या त्या धाकटीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून. फी आठ हजार रुपये, त्यात मसुदा, मुद्रांकाचं काम आणि नोंदणीच्या दिवशी हजेरी. नाशिकला सकाळचे आठ म्हणजे माझे आदल्या संध्याकाळचे साडेसात, तेव्हा पहिला व्हिडिओ कॉल झाला. त्यांचा पहिलाच प्रश्न: "ताई, हा कागद कुठे कुठे दाखवायचाय?" मी म्हटलं, विक्रीसाठी. "ते झालं. पण ना हरकत घ्यायला सोसायटीत, घरपट्टीला महानगरपालिकेत, मीटरला महावितरणकडे, आयकरात, आणि शेवटी दुय्यम निबंधकाकडे. प्रत्येकाला त्याचं वाक्य लागतं. त्याचं वाक्य त्याला सापडलं नाही की तो पुढचं वाचत नाही." माझ्या मते आठ हजारांतले सहा हजार इथेच वसूल झाले.

मसुदा आला तो विशेष कुलमुखत्यारपत्राचा, या एकाच फ्लॅटपुरता. "सर्व प्रकारचे सर्व अधिकार" ही माझ्या मनातली भव्य कल्पना त्यांनी पहिल्या फटक्यात उडवली. अधिकार जितके मोघम तितकं समोरच्याचं धाबं दणाणतं, असं त्यांचं म्हणणं. खरेदीखतावर सही करणं, ते नोंदणीसाठी सादर करणं आणि निबंधकापुढे निष्पादनाची, म्हणजे दस्त आपणच करून दिल्याची, कबुली देणं, हे तीन अधिकार त्यांनी तीन वेगळ्या कलमांत लिहिले. मला ते एकच वाटत होतं. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवलं, क्षेत्रफळ आणि चतुःसीमेसकट.

पैशाचं कलम तर मी मैत्रिणींना वाचून दाखवलं. माझ्या हिश्शाची रक्कम खरेदीदाराने थेट माझ्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपया खातं) भरायची, मुखत्यारधारकाने ती स्वतःच्या नावावर किंवा रोखीत घ्यायची नाही. धाकटीवर माझा अविश्वास नाही. तिनेच हे कलम हवं म्हणून धरून ठेवलं, कारण उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर तिला द्यावं लागेल. विक्रीची किंमत माझ्या लेखी संमतीने ठरेल, असंही एक कलम मला घालायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, घालू नका, खरेदीदाराचा वकील प्रत्येक वेळी संमतीपत्राचा पुरावा मागेल आणि तो पुरावा पुन्हा तिकडच्या नोटरीकडून आणावा लागेल. पटलं.

नावाचा घोळ आमच्याकडच्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला पाठ असेल. सोसायटीच्या दप्तरात मी माहेरच्या नावाने, इथल्या लायसन्सवर सासरच्या. मसुद्यात "ऊर्फ" लावून दोन्ही नावं आली आणि जुना भारतीय पासपोर्ट, ओसीआय कार्ड व विवाहाचा दाखला यांच्या प्रती जोडल्या गेल्या. इथला नोटरी आपल्या प्रमाणपत्रात ओळखपत्रावरचं नावच लिहिणार, हे वकीलबाईंनी आधीच गृहीत धरलं होतं.

आणि त्या गोड आवाजाच्या एजंटाबद्दल. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतलं अठ्ठेचाळिसावं कलम वकीलबाईंनी मला फोनवर समजावलं. स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार मोबदला न घेता जवळच्या नातेवाइकाला दिला तर मुद्रांक पाचशे रुपये. तोच अधिकार परक्याला दिला तर खरेदीखताइतका. म्हणजे एजंटाच्या नावाने केलं असतं तर फ्लॅट विकण्याआधीच लाखांत मुद्रांक, आणि विकताना खरेदीदाराचा पुन्हा वेगळा. नुसत्या मुखत्यारपत्रावर फ्लॅट "घेणारे" लोक अजून भेटतात, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सूरज लॅम्पचा निकाल आहे: जनरल पॉवर ऑफ अटर्नीच्या व्यवहाराने मालकी हक्क जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. एजंटाला मी हे सगळं ऐकवलं नाही. फक्त बहिणीच्या नावाने करतेय म्हटलं. गोडवा ओसरला.

आता नोटरी. फ्रीमॉन्टमध्ये घरी येणारे नोटरी पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियात एका सहीच्या प्रमाणनाला कायद्याने १५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. येण्याजाण्याचे पैसे ते वेगळे लावतात आणि ते आधी ठरवून घ्यायचे. मूळ प्रती दोन केल्या होत्या, एक निबंधकासाठी आणि एक बाकी सगळीकडे फिरवायला, म्हणून ३० डॉलर आणि प्रवासाचे ४०. माणूस वेळेवर आला, लायसन्स नीट तपासलं, आणि त्याच्या वहीत माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मुखत्यारपत्र असेल तर तो घेणं इथल्या कायद्याने सक्तीचं आहे. सातबाराच्या देशातून येऊन सिलिकॉन व्हॅलीत अंगठा उठवताना मला हसू आलं, त्याला का ते कळलं नाही.

एक तारा कापला तो फोटोवरून. नाशिकच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या पानावर माझा आणि धाकटीचा फोटो होता, आणि त्यावर अर्धा येईल असा शिक्का हवा होता. त्याने साफ नकार दिला. फोटोवर शिक्का मारणं त्याच्या कामात बसत नाही हे मान्य; पण फोनवर मी मसुद्याची सगळी पानं पाठवली होती, तेव्हाच सांगता आलं असतं. शेवटी मी फोटोवरून स्वतः आडवी सही केली आणि ते नाशिकला चाललं. दोन साक्षीदारही मीच बोलावून ठेवले होते, शेजारची तेलुगू मैत्रीण आणि ऑफिसातली एक सहकारी. नोटरीला त्यांची गरज नव्हती. नाशिकला होती.

अपोस्टिलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लुबाडणूक इथेच होते. नोटरीचा शिक्का खरा आहे, हे परदेशातल्या कार्यालयाला कळावं म्हणून राज्य सरकार जे प्रमाणपत्र जोडतं ते अपोस्टिल. मूळ करार हेगचा, १९६१ चा. भारत त्यात २००५ मध्ये आला. कॅलिफोर्नियात ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं सॅक्रामेंटोतलं कार्यालय देतं. एका कागदाला २० डॉलर. टपालाने पाठवता येतं: मूळ कागद, कोणत्या देशासाठी हवंय ते लिहिलेलं वरचं पान, चेक आणि परतीचं पाकीट. स्वतः गेलात तर प्रत्येक वेगळ्या नोटरीच्या सहीमागे ६ डॉलर जादा. माझ्या दोन्ही प्रतींवर सही एकाच नोटरीची, म्हणून ४० आणि ६, एकूण ४६ डॉलर.

याच कामाला बे एरियातल्या एजंटांनी मला एका कागदाचे १५० पासून २५० डॉलरपर्यंत सांगितले. एकाने तर "भारतासाठी खास पॅकेज" म्हणून कॉन्सुलेटचा शिक्काही गळ्यात घालायचा प्रयत्न केला. अपोस्टिल झालेल्या कागदाला वर पुन्हा कॉन्सुलेटचं प्रमाणन लागू नये, यासाठीच तर तो करार आहे. आणि नोंदणी अधिनियम १९०८ चं ३३ वं कलम म्हणतं की लिहून देणारा भारताबाहेर राहत असेल तर मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय कॉन्सल यांच्यापैकी कोणापुढेही करता येतं. कोणापुढेही, सगळ्यांपुढे नव्हे. ज्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्सुलेटचा रस्ता सोयीचा वाटतो त्यांनी तो जरूर घ्यावा, तोही रीतसरच आहे. पण दोन्हींचे पैसे एकाच माणसाला देऊ नका.

मी गाडी काढली नाही. फ्रीमॉन्टच्या सेंटरव्हिल स्टेशनवरून सकाळची कॅपिटल कॉरिडॉर रेल्वे पकडली, डबा खाल्ला, ऑफिसचं थोडं काम केलं, सॅक्रामेंटोला उतरून चालत अकराव्या रस्त्यावरच्या इमारतीत गेले. नंबर घेतला, बसले. खिडकीतल्या बाईने कागद उलटसुलट पाहिले, कोणता देश ते विचारलं, पैसे घेतले आणि जेवायच्या वेळेआधी दोन्ही अपोस्टिल हातात ठेवले. ती म्हणाली, "स्टेपल काढू नका, झेरॉक्ससाठीसुद्धा." पुढे नाशिकला झेरॉक्सवाल्या पोराने पिन उचकटायला घेतलीच होती, धाकटीने झडप घातली म्हणून वाचलं.

बाकीच्या राज्यांत आणि देशांत राहणाऱ्यांसाठी थोडंसं. न्यूयॉर्कमध्ये नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते, मग राज्य सरकार अपोस्टिल देतं. माझी नणंद ती पायरी गाळून परत पाठवली गेली होती. कॅनडा या करारात जानेवारी २०२४ पासून आहे. अमिराती त्यात नाहीत, त्यामुळे दुबईवाल्यांनी भारतीय कॉन्सुलेटच गाठावं.

कुरिअरने नाव घेण्यासारखं काही केलं नाही, आणि कुरिअरकडून मला तेवढंच हवं असतं. भारतात पार्सल सोडवायला धाकटीच्या मोबाइलवर ओळखपत्र अपलोड करायची लिंक आली, ती खरी की फसवी यावर आमच्यात अर्धा तास खल झाला. पाकीट फाडून टाकू नका, असा वकीलबाईंचा आधीच निरोप होता. राज्याबाहेर केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि कागद कधी पोहोचला याचा पुरावा म्हणजे ते पाकीट.

मुद्रांक कार्यालयात मात्र गाडी रुतली. कॅलिफोर्नियाच्या नोटरीच्या प्रमाणपत्रात वरच्या बाजूला चौकटीत एक मजकूर असतो: हा अधिकारी फक्त सही करणाऱ्याची ओळख तपासतो, कागदातल्या मजकुराचा खरेपणा किंवा वैधता नाही. २०१५ पासून तो छापणं तिथे सक्तीचं आहे. टेबलावरच्या बाबूंनी नेमकी तीच चौकट वाचली. "म्हणजे हा कागद खरा आहे असं तेच म्हणत नाहीत?" मग अपोस्टिल पाहिलं. त्याचा मथळा फ्रेंचमध्ये, आणि खाली पुन्हा तेच: हे प्रमाणपत्र फक्त सही, पद आणि शिक्का यांच्यापुरतं. बाबूंचा संशय बळावला. त्यांना दोष देववत नाही. बाहेरून आलेले दोन भारदस्त कागद आणि दोन्ही हात वर करून उभे. धाकटीला उद्या या सांगितलं. उद्या साहेब नव्हते. परवा होते, पण त्यांना चौकटीचं मराठी भाषांतर हवं होतं.

वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. मोबाइल काढला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या वेबसाइटवर अपोस्टिलचा क्रमांक आणि तारीख टाकली, आणि समोर आलेली नोंद साहेबांना दाखवली. मग म्हणाल्या, "साहेब, आपल्याकडचा नोटरीसुद्धा मजकुराची हमी घेत नाही. यांनी फक्त ते लिहून दिलंय." साहेब हसले. चलन ग्रासवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा यंत्रणेवर, भरलेलंच होतं. पाचशे रुपयांच्या कामाला इतके फेरे, पण एकदा समजल्यावर त्याच माणसाने आमच्यामागच्या एका गृहस्थांना अपोस्टिल म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावून दिलं, असं धाकटी सांगते. म्हणून तारे देताना हात अडतो. चला, अडीच.

टीडीएसचा, म्हणजे खरेदीदाराने किमतीतून आधीच कापून भरायच्या आयकराचा, विषय मोठा आहे, इथे फक्त इशारा देते. खरेदीदार सरसकट एक टक्का कापायला निघाला होता. विकणारा अनिवासी असला की ते गणित बदलतं, त्याच्या हिश्शावर भांडवली नफ्याच्या दराने जास्त कपात होते, आणि कपात कमी करून हवी असेल तर आयकर खात्याकडून आधी दाखला काढावा लागतो. मसुद्यात आयकराचं वाक्य होतं म्हणून तो अर्ज आमच्या सीएंना करता आला.

नोंदणीच्या दिवशी धाकटीकडून एक घोषणापत्र लिहून घेतलं: कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते लिहून देणारी व्यक्ती मयत नाही. तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. इथे मध्यरात्र. मी झोपेतून उठून, केस विस्कटलेल्या अवस्थेत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या छताकडे पाहत हयात असल्याचं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, तिला हौस.

बँकेत हा कागद चालला नाही, हेही नोंदवते. वडिलांच्या खात्यासाठी बँकेला स्वतःच्या छापील नमुन्यातलंच मुखत्यारपत्र हवं होतं. वकीलबाईंनी ते पहिल्याच कॉलवर सांगितलं होतं आणि तो नमुना शाखेतून आणून ठेवायला धाकटीला पिटाळलंही होतं, त्यामुळे तोही कागद त्याच बैठकीत नोटरीकडून करून घेता आला. जादा १५ डॉलर.

वकीलबाईंबद्दल एक तक्रार आहे. ईमेलला उत्तर देत नाहीत. सगळं व्हॉइस मेसेजवर, तेही स्कूटरवरून, मागे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाचा ट्रॅफिक. एक महत्त्वाचं वाक्य मला हॉर्नमधून गाळून काढावं लागलं. तरी पाचच.

विक्री झाल्यावर त्या ऑनलाइन कंपनीची मेल आली: मुखत्यारपत्र रद्द करून घ्या, सवलतीत ९९ डॉलर. वकीलबाईंना विचारलं. सिग्नलवरून उत्तर आलं की एका कामापुरतं केलेलं मुखत्यारपत्र ते काम झालं की आपोआप संपतं, पैसे घालवू नका, आणि दुसरी मूळ प्रत मात्र बहिणीकडून मागवून स्वतःकडे ठेवा.